गोळी आधी कुणाची थांबते?

(राजगुरुनगर येथे कामगार आणि शेतमजूर स्त्रियांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन. ज्यांचे अनुभव यात आले आहेत त्यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.)



आज बोलायला उभी राहिले आणि आपल्या एका मैत्रिणीची आठवण झाली. वय पंचेचाळीस. वाडा रोडच्या बाजूला एका खोलीत संसार. चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे पॅकिंगच्या कामाला जायची. नवरा-बायको दोघांनाही बी.पी. निघाले. तिला कोलेस्टेरॉलचीही गोळी लागली. पहिले दोन महिने दोघांच्या गोळ्या आल्या. तिसऱ्या महिन्यात मुलाची फी आली. तिने नवऱ्याची पट्टी पूर्ण घेतली, स्वतःची अर्धी. मग स्वतःची गोळी दिवसाआड घेऊ लागली. मग कोलेस्टेरॉलची बंदच केली, कारण "त्यानं काही दुखत तर नाही". शेवटी बी.पी.ची गोळी डोके दुखेल तेव्हाच. एका पहाटे पाणी भरताना उजव्या हातातून हंडा सुटला आणि तोंड वाकडे झाले.

ती जगली. पण उजवी बाजू गेली, काम गेले, आणि तिचे करायला पंधरा वर्षांच्या मुलीची शाळा सुटली. दवाखान्याच्या कागदावर लिहिले आहे, "रुग्णाने औषधे नियमित घेतली नाहीत." हे वाक्य खोटे नाही. पण ते अर्धेच आहे. औषधे का घेतली नाहीत, घरातल्या दोघांपैकी नेमकी हिचीच का थांबली, हे कागदावर येत नाही. आज आपल्याला त्या उरलेल्या अर्ध्या वाक्याबद्दल बोलायचे आहे.

हा श्रीमंतांचा आजार नाही

बी.पी. म्हणजे खुर्चीत बसणाऱ्यांचा, तूप-लोणी खाणाऱ्यांचा आजार, असा आपला समज असतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे २४ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला किंवा त्यावर औषध चालू असलेले आढळले. म्हणजे या खोलीत पाच बायका एका सतरंजीवर बसल्या असतील तर त्यातल्या एकीचा हा प्रश्न आहे. वय वाढेल तसे हे प्रमाण वाढते. पाळी जाईपर्यंत आपल्या शरीरातील संप्रेरके कोलेस्टेरॉल काही प्रमाणात आटोक्यात ठेवतात. पाळी गेली की तेही संरक्षण कमी होते. आपल्याकडे नेमक्या याच वयात बाईच्या तब्येतीकडे बघणे बंद होते. मूल होण्याच्या वयात तरी आशाताई दारात येते, नोंद होते, वजन होते. त्यानंतर बाई जणू सरकारच्या वहीतून आणि घराच्याही हिशेबातून पुसली जाते.

या दोन्ही आजारांची खोड अशी की ते दुखत नाहीत. बहुतेकींना काहीही जाणवत नाही. रक्ताचा दाब १४०/९० च्या वर राहिला की रक्तवाहिन्या, हृदय, मूत्रपिंड, डोळे आतल्या आत झिजत राहतात. कोलेस्टेरॉल वाढलेले असेल तर रक्तवाहिन्यांच्या आत थर साचतो. न दुखणाऱ्या आजारावर पैसे खर्च करायला आपल्याला कुणी शिकवलेलेच नाही. बाईने तर दुखले तरी गप्प बसायचे असते. मग न दुखणाऱ्यासाठी ती तोंड कसे उघडणार?

गोळी आणि कामाची लाईन

मी समाजकार्याचे शिक्षण घेऊन या भागात आले तेव्हा मलाही वाटायचे की समजावून सांगितले की बायका गोळ्या घेतील. मी मिठावर प्रवचन द्यायची. एकदा एक मावशी म्हणाल्या, "ताई, भाकरीबरोबर ठेचा नाही तर काय खाऊ? भाजी रोज कुणाला परवडती?" मी गप्प बसले. मीठ कमी करावे हे खरेच आहे. पण खारट ठेचा, लोणचे, पापड हे हौसेने खाल्ले जात नाहीत, भाजीची जागा भरायला खाल्ले जातात. भाजी आणि दूध घरात आधी कुणाच्या ताटात जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरा अनुभव गोळीचाच. बी.पी.साठी काही वेळा लघवी वाढवणारी गोळी देतात. ती स्वस्त आहे आणि चांगली आहे. एक मैत्रीण ती घ्यायची बंद झाली. कारण विचारले तर म्हणाली, "त्या गोळीनं सारखं जावं लागतं. लाईनवर दोनदा उठलं की सुपरवायझर बघतो. संडास दुसऱ्या टोकाला. मग मी पाणीच पीत नाही." म्हणजे गोळी सुटली, पाणी सुटले, वर लघवीचा जंतुसंसर्ग झाला. दुसऱ्या एका गोळीने काहींच्या पायांना सूज येते. जिला आठ-दहा तास उभे राहायचे आहे, ती संध्याकाळी सुजलेले पाय बघते आणि गोळी टाकून देते. या दोन्हींना उपाय आहेत. डॉक्टरांना सांगून गोळी किंवा तिची वेळ बदलता येते. पण त्यासाठी डॉक्टरने "तू काम काय करतेस?" हा एक प्रश्न विचारावा लागतो. आणि संडासाचा प्रश्न तर डॉक्टरचाही नाही. तो कामगार म्हणून आपल्या हक्काचा प्रश्न आहे.

एक गोष्ट तरुण मैत्रिणींसाठी. बी.पी.च्या काही गोळ्या, जसे टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल, गरोदरपणात पोटातल्या बाळाला घातक असतात. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्याही त्या काळात सहसा थांबवतात. मूल हवे असेल किंवा दिवस राहिले असतील तर लगेच सांगा आणि गोळी बदलून घ्या. आपल्या मनाने बंद करून बसू नका. गरोदरपणात वाढलेला बी.पी. बाईचा जीव घेऊ शकतो.

स्वस्त औषध महाग का?

आता पैशाकडे येऊ. ॲम्लोडिपीन, टेल्मिसार्टन, अटोरव्हास्टॅटिन ही औषधे आता नवी राहिलेली नाहीत. त्यांवरची पेटंटे केव्हाच संपली. आपल्या देशातले कितीतरी कारखाने ती बनवतात. मग पट्टीमागे पट्टीची किंमत वेगळी का? कारण आपण औषध विकत घेत नाही, औषधाचे दुकानी नाव विकत घेतो. चिठ्ठीवर जे नाव असेल तेच दुकानदाराला द्यावे लागते. त्याच औषधाची दुसरी स्वस्त पट्टी शेजारच्या फळीवर असली तरी ती आपल्या मनाने बदलून द्यायची त्याला कायद्याने मुभा नाही. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव लिहावे, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत आहे. २०१६ मध्ये त्यात सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरात लिहावे, अशी भर पडली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी, कडक नियमावली आली आणि त्याच महिन्यात ती स्थगितही झाली.

किमतीचा इतिहासही थोडा बघू, कारण तो आपल्या दारातून सुरू होतो. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीला हिंदुस्तान ॲन्टिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. पेनिसिलिन लोकांना परवडावे म्हणून. आजही त्या परिसराला लोक एच. ए. कॉलनी म्हणतात. १९७५ मध्ये हाथी समितीने सरकारी औषध कंपन्या बळकट करा, दुकानी नावे टप्प्याटप्प्याने काढा, असे सांगितले. पुढे काय झाले? १९७९ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात ३४७ औषधे होती. १९८७ मध्ये १४२ उरली. १९९५ मध्ये ही संख्या सत्तरीच्या घरात आली. आणि नव्वदच्या दशकातच पिंपरीचा तो कारखानाही आजारी उद्योगांत मोजला जाऊ लागला.

याविरुद्ध ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्क आणि इतर संघटनांनी २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्या लढ्यानंतर २०१३ चा आदेश आला आणि अत्यावश्यक औषधांच्या यादीतील औषधांना कमाल किंमत लागली. बी.पी. आणि कोलेस्टेरॉलची मुख्य औषधे या यादीत आहेत. पण मेख अशी की कमाल किंमत औषध बनवायला किती खर्च येतो त्यावरून ठरत नाही, बाजारात चालणाऱ्या मोठ्या ब्रँडच्या किमतींच्या सरासरीवरून ठरते. म्हणजे महागड्यांनीच महागाईची रेघ मारायची. ही किंमत दरवर्षी घाऊक महागाईप्रमाणे वाढते. २०२२ मध्ये ती १०.७ टक्के आणि २०२३ मध्ये १२.१ टक्के वाढवण्याची परवानगी मिळाली. ठेकेदाराने त्या वर्षी तुमचा हजेरीचा दर किती टक्के वाढवला, याचा हिशेब घरी गेल्यावर मांडा. यादीबाहेरच्या औषधांवर, ज्यात कितीतरी जोडगोळ्या येतात, वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढ करायला आडकाठी नाही.

आपल्या हातात काय आहे?

निराश व्हायचे कारण नाही. काही दारे आहेत, ती ठोठवायला हवीत.

पहिले, सरकारी दवाखाना. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत. तिशीनंतर प्रत्येकीचा बी.पी. आणि साखर तपासणे हे सरकारी कार्यक्रमात आहे. पण आमचा अनुभव असा की कधी गोळ्या नसतात, कधी पाच-सात दिवसांच्याच मिळतात. दर आठवड्याला खाडा करून रांगेत उभे राहायचे तर मोफत गोळी एका दिवसाच्या मजुरीला पडते. हे बदलता येते. २०१७ मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. त्यात ठरावीक औषधे, महिनाभराच्या गोळ्या एकदम आणि घराजवळच्या केंद्रात पुढचा पुरवठा, अशी पद्धत ठेवली गेली. सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा या जिल्ह्यांनी महाराष्ट्रात त्याची सुरुवात केली. तिथे जमले ते खेड तालुक्यात का जमू नये?

दुसरे, ई.एस.आय. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या, योजनेखालच्या कामगाराला आणि तिच्यावर अवलंबून असणाऱ्या कुटुंबाला यात औषधोपचार मिळतात. तुमच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जातात. पगाराच्या चिठ्ठीवर ही कपात आहे का ते बघा. ठेकेदार बदलला तरी तुमचा विमा क्रमांक आयुष्यभर एकच राहतो. नवा ठेकेदार नवे कार्ड काढायला लागला तर जुना क्रमांक पुढे करा. ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर मूळ कंपनीची जबाबदारी आहे. कार्ड बाईच्या नावावर असेल तर त्यावर नवऱ्याचे औषध येते आणि तिचे राहून जाते, असेही मी पाहिले आहे. कार्डावर पहिला हक्क तुमचा.

तिसरे, जनऔषधी दुकान. सरकारने २००८ पासून ही दुकाने सुरू केली. तिथे हीच औषधे मूळ नावाने आणि पुष्कळ स्वस्त मिळतात. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "मूळ नाव लिहा, जोडगोळीशिवाय चालत असेल तर सुट्या गोळ्या लिहा." हे सांगताना लाजायचे नाही. एकटीला भीती वाटत असेल तर दोघी जा.

आणि चौथे, आपण स्वतः. पुरंदर तालुक्यात मासूम संस्थेने १९८७ पासून गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्याचे काम उभे केले. बी.पी. मोजायला डॉक्टरच लागतो असे नाही. प्रत्येक बचत गटाने एक यंत्र घ्यावे, ते वेळोवेळी तपासून घ्यावे. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून मोजायचे आणि वहीत लिहायचे. आकडा वाढलेला दिसला तर गोळी आपल्या मनाने वाढवायची नाही, दवाखान्यात जायचे. गटाच्या हिशेबात महिन्याच्या गोळ्यांसाठी बिनव्याजी उचल ठेवावी. कर्ज लग्नाला मिळते, बाईच्या गोळीला का नाही?

शेवटी दोन गोष्टी मांडते. पंचायत समितीकडे आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आपण लेखी मागणी करू या: महिन्याच्या गोळ्या एकदम द्या, त्या उपकेंद्रात द्या, आणि आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी, पाळी सुटल्यावर, केंद्र उघडे ठेवा. आज सह्या घेऊन जाऊ.

दुसरी गोष्ट सहीची नाही. आज घरी गेल्यावर फळीवरचा गोळ्यांचा डबा उघडा. कुणाच्या गोळ्या पूर्ण आहेत आणि कुणाच्या अर्ध्या, ते मोजा. आणि ज्या घरात दोघांच्याही आहेत, तिथे नवऱ्याला समोर बसवून मोजा. माझ्या त्या मैत्रिणीच्या घरी हे कुणी केले नाही. मीही केले नाही. मी तिला मीठ कमी खा, एवढेच सांगितले होते.