जामीन



एकदा जालन्याच्या कोर्टाबाहेर दुपारभर बसलो होतो. खेड्यातला माझा एक मित्र भावकीतल्या पोरासाठी जामीन राहायला आला होता. सातबारा पिशवीत जपून ठेवलेला. पोराच्या बापाशी त्याचं बोलणंसुद्धा नव्हतं. मी म्हणालो, "मग तू कशाला आलास?" तो म्हणाला, "भांडण बांधाचं हाये. पोरगं पळून जायचं नाही, एवढं मला ठाव हाये."

वकील, फिर्याद, जामीन हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीत घरचे झाले. मित्राचं उत्तर ऐकलं आणि मला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी आठवले.

तय्यबजींचा जन्म १८४४चा, मुंबईतला. सोळाव्या वर्षी ते विलायतेला गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊन परतले. मुंबईत वकिली करणारे ते पहिले भारतीय बॅरिस्टर. मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी १८७४ साली 'अंजुमन-ए-इस्लाम' उभारायला हातभार लावला. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासोबत राजकारण केलं. १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावं, असं सर सय्यद अहमद खान सांगत होते. तय्यबजींनी पत्रं लिहून त्यांच्याशी वाद घातला, पण अदब सोडली नाही.

१८९५ साली ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. दोनच वर्षांनी, जुलै १८९७मध्ये, राजद्रोहाच्या आरोपाखाली लोकमान्य टिळकांना अटक झाली. जामिनाचा अर्ज खाली फेटाळला गेला. उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पार्सन्स आणि रानडे यांनीही त्या टप्प्यावर तो नाकारला. ऑगस्टमध्ये पुन्हा अर्ज आला, तो तय्यबजींपुढे. तय्यबजी मवाळ, टिळक जहाल. दोघांच्या वाटा वेगळ्या. पण तय्यबजींपुढे प्रश्न एवढाच होता, की हा माणूस खटल्याला हजर राहील का? आणि तो तुरुंगात राहिला, तर बचावाची तयारी कशी करील? त्यांनी जामीन दिला.

तारखेला टिळक हजर झाले. पुढे दीड वर्षाची शिक्षा झाली, ती दुसऱ्या न्यायाधीशापुढे.

यातली खरी गोष्ट पुढेच आहे. त्या दिवशी टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद करणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. १९०८ साली टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला भरला गेला, तेव्हा हेच दावर न्यायाधीश होते. त्यांनी जामीन नाकारला आणि सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली. अकरा वर्षांपूर्वी स्वतःच मांडलेला मुद्दा खुर्चीवर बसल्यावर त्यांना पुरेसा वाटला नाही. तय्यबजी तोवर राहिले नव्हते. १९०६ साली लंडनमध्ये त्यांचं निधन झालं होतं.

वकील म्हणून न्यायाची बाजू मांडणं सोपं नसतंच. पण आपल्या मताचा नसलेला माणूस समोर उभा असताना, हातात अधिकार असताना ती बाजू सांभाळणं त्याहून अवघड.

त्या दिवशी संध्याकाळी पोरगं सुटलं. बापानं माझ्या मित्राला दुरूनच हात जोडले. बांधाचं भांडण मात्र अजून चालूच आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)