‘फार’ म्हणजे किती? : बेळगावच्या खेड्यांतील एका संशोधनाची हकिकत

बाळंतपण हा बाईचा दुसरा जन्म असे आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. शेक-शेगडी, धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, पाचवीची पूजा आणि सटवाईचा लेख हा सगळा थाट त्या दुसऱ्या जन्माचाच आहे. मात्र पहिल्या घटकेत बाळंतीण हातची गेली तर पाचवी कोणाची पूजायची, हा प्रश्न या थाटामागे कायम उभा असे. आपल्या आज्या-पणज्यांच्या बोलण्यात त्याचे उत्तर एका छोट्या वाक्यात येई : ‘‘अंगावरून फार गेलं, आणि गेली.’’ या वाक्यात ‘गेलं’ आणि ‘गेली’ ही दोन क्रियापदे एकमेकांना खेटून बसली आहेत. त्यांच्या अलीकडे ‘फार’ हा शब्द आहे. आजचे विवेचन या एका शब्दाभोवती आहे.

फार म्हणजे किती? सुईणीला विचारले तर ती म्हणे, लुगडे भिजले. दुसरी म्हणे, गोधडी भिजली; तिसरी म्हणे, जमिनीला लागले. यांतील एकही उत्तर खोटे नाही. पण लुगडे सुती की जाड, गोधडी जुनी की नवी, जमीन सारवलेली की फरशीची, यावर ते उत्तर बदलते. रक्त गर्भजलात मिसळते, कापडात मुरते, कंदिलाच्या उजेडात काळे दिसते. वैद्यकशास्त्राने प्रसूतीनंतर पाचशे मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्तस्राव हा अतिस्राव आणि हजाराच्या पुढे तो गंभीर, अशी मर्यादा आखून ठेवली होती. पुस्तकातली ही मर्यादा आणि खेड्यातली गोधडी यांची गाठ मात्र पडलेली नव्हती.

हा रक्तस्राव होतो का, हे थोडक्यात समजून घ्यायला हवे. पूर्ण दिवसांच्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त खेळत असते. मूल बाहेर आले, वार पडली, की वार जिथे चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी राहतात. निसर्गाने त्यावर केलेली तजवीज अद्भुत आहे. गर्भाशयाचे स्नायू या वाहिन्यांभोवती जाळीसारखे विणलेले असतात. ते आवळले की वाहिन्या आपोआप चिमटल्या जातात. बाळंतिणीच्या ओटीपोटावर हात ठेवला तर गर्भाशय चेंडूसारखे घट्ट लागते. ते घट्ट होईना, पिठाच्या गोळ्यासारखे मऊ राहिले, तर मिनिटांचा हिशेब सुरू होतो. गावापासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता तासांचा असतो.

यावर औषध नव्हते असे नाही. ऑक्सिटोसिन हे शरीरातच तयार होणारे संप्रेरक. व्हिन्सेंट द्यु विन्यो या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ते 1953 मध्ये कृत्रिमरीत्या तयार केले आणि 1955 मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे इंजेक्शन गर्भाशय आवळते. पण ते थंड जागी ठेवावे लागते, सुई निर्जंतुक लागते, टोचणारा हात शिकलेला लागतो. ज्या घरात वीज दुपारी जाते ती रात्री येते, त्या घरी हे औषध असून नसल्यासारखे. शहरात सोपा असलेला उपाय खेड्याच्या वेशीवर थांबायचा. त्याचा दोष औषधालाही देता येत नाही आणि नर्सबाईलाही नाही.

इथे बेळगावचा संबंध येतो. केएलई संस्थेचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय हे या शहरातले 1963 चे. तिथले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि त्यांचे सहकारी यांनी डॉ. रिचर्ड डर्मन यांच्यासारख्या अमेरिकन संशोधकांबरोबर एक साधा प्रश्न हाती घेतला. मिसोप्रोस्टॉल नावाची एक गोळी होती. ती मुळात जठराच्या व्रणासाठी निघाली. तिला शीतपेटी लागत नाही, सुई लागत नाही. पाण्याबरोबर गिळायची एवढेच. तिच्याने गर्भाशय आवळते हे माहीत झाले होते. खेड्यातल्या बाळंतपणात, डॉक्टर जवळ नसताना, नर्सबाईच्या हातून ती दिली तर रक्तस्राव खरोखर कमी होईल काय?

प्रश्न असा मांडला की पाठोपाठ दुसरा उभा राहतो : कमी झाला हे ठरवायचे कशावरून? पुन्हा ‘फार’ आणि ‘थोडे’ यांच्यावर विसंबायचे काय?

म्हणून गोळीच्या बरोबरीने एक पिशवी आली. प्लास्टिकची चादर, बाळंतिणीच्या कमरेखाली पसरायची. तिचे दुसरे टोक निमुळते होत गेलेल्या पिशवीचे, आणि त्या पिशवीवर मापाच्या रेषा. दूधवाल्याच्या मापट्यावर असाव्यात तशा. मूल झाले, गर्भजल वाहून गेले, की ही चादर सरकवायची. पुढचे रक्त आपोआप पिशवीत उतरते आणि नर्सबाईने फक्त रेष वाचायची. या पिशवीची पारखही बेळगावच्या परिसरातच झाली. प्रयोग अगदी लहान, 123 बाळंतिणींचा. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटात रक्तस्राव नेहमीसारखा नजरेने अजमावला, दुसऱ्यात पिशवीने मोजला. नजरेच्या गटाची सरासरी सुमारे 203 मिलिलिटर आली, पिशवीच्या गटाची सुमारे 302. म्हणजे अनुभवी डोळाही जवळजवळ एक तृतीयांश रक्त पाहतच नव्हता. हा निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाला.

या आकड्यापाशी थोडे थांबले पाहिजे. त्यात कोणाचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. उलट, मन लावून काम करणाऱ्या माणसाचा डोळाच नेमका असा चुकतो, कारण त्याला बाळंतीण बरी असावी असे वाटत असते. आशेने पाहणारी नजर कमी पाहते. साहित्याच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. वैद्यकाला मात्र त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती मोजते दुसरीच कोणी.

मुख्य प्रयोग सप्टेंबर 2002 ते डिसेंबर 2005 या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत झाला. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या 1620 स्त्रिया त्यात होत्या. बाळंतपण करणे, गोळी देणे आणि पिशवी वाचणे ही तिन्ही कामे 25 नर्सबाईंनी केली. सरकारी दप्तरात त्यांना सहायक परिचारिका प्रसाविका असे लांबलचक नाव आहे. शोधनिबंधावर डॉक्टरांची नावे येतात, ते रीतीला धरूनच आहे. पण या प्रयोगाचे सारे ओझे या पंचवीस जणींच्या खांद्यावर होते, हे विसरून चालणार नाही. रात्रीअपरात्री कडी वाजली की उठायचे, आणि बाळंतपण उरकल्यावर थकल्या हाताने रेष वाचून आकडा टिपायचा. एखादीने रेष न वाचता अंदाजे आकडा भरला असता तर ते कोणाला कळले असते? असा प्रयोग शेवटी एका बाईच्या प्रामाणिकपणावर उभा असतो.

आता त्यातला बोचरा भाग. 1620 पैकी 812 जणींना खरी गोळी मिळाली आणि 808 जणींना तशीच दिसणारी, औषध नसलेली. कोणती कोणाला, हे ना बाळंतिणीला ठाऊक, ना नर्सबाईला. हे ऐकून कोणाही भल्या माणसाच्या मनात येईल, की हाताशी औषध असताना निम्म्या बायकांना पोकळ गोळी का द्यावी? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गरीब बाईच्या देहावर प्रयोग, हे शब्द आपल्या देशात कारणाशिवाय कटू झालेले नाहीत. त्याचे उत्तर असे दिले जाते, की घरच्या बाळंतपणात त्या काळी रक्तस्राव टाळण्यासाठी काहीच दिले जात नसे. म्हणजे पोकळ गोळी घेणारीला जे नेहमी मिळाले असते त्यापेक्षा कमी काही मिळाले नाही. शिवाय गोळी खेड्यात काम करतेच असा पुरावा तेव्हा हाती नव्हता. थंडी वाजणे, ताप येणे हे तिचे त्रास मात्र माहीत होते. पुराव्याविना ती लाखो घरांत पाठवणे हाही प्रयोगच झाला असता, फक्त त्याची नोंद कोणी ठेवली नसती. हे उत्तर बुद्धीला पटते. मनाला ते पूर्ण पटू नये, आणि संशोधकाच्या मनालाही पटू नये, हेच बरे. ती टोचणी राहते म्हणूनच माणूस प्रयोग नीट करतो.

निकाल 2006 च्या ऑक्टोबरमध्ये ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात आला. पोकळ गोळीच्या गटात शंभरात 12 जणींना अतिस्राव झाला होता, खऱ्या गोळीच्या गटात 6.4 जणींना. गंभीर स्रावाचे प्रमाण 1.2 टक्क्यांवरून 0.2 टक्क्यांवर आले. अठरा जणींना गोळी दिली तर एकीचा अतिस्राव टळतो, असा हिशेब निघाला. थंडी-ताप झाला, पण तो थोड्या वेळाचा.

याच निबंधातला आणखी एक आकडा फार बोलका आहे. सरासरी रक्तस्राव 262.3 मिलिलिटरवरून 214.3 वर आला. फरक जेमतेम 48 मिलिलिटरचा, अर्धा कप चहाही नव्हे. नुसती सरासरी पाहणारा म्हणेल, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? पण बाळंतीण सरासरीने मरत नाही. बहुतेकींच्या बाबतीत गर्भाशय आपले काम चोख करतेच, गोळी असो वा नसो. काठावरच्या थोड्या जणींची दैना सरासरीत बुडून जाते. पिशवीवर रेषा होत्या म्हणूनच त्या काठावरच्या वेगळ्या काढून मोजता आल्या.

मोजमाप अडाणी मानल्या गेलेल्या हातांत देण्याचा असाच एक यत्न गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने त्याआधी केला होता. बाळाला न्यूमोनिया आहे की नाही हे श्वासाच्या वेगावरून कळते. पण मोठे आकडे न येणाऱ्या सुईणीने मिनिटाचे पन्नास-साठ श्वास मोजावेत कसे? तिला वाळूचे घड्याळ आणि मणी दिले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत तांबडा मणी आला तर बाळ आजारी. बेळगावची पिशवी आणि गडचिरोलीचे मणी एकाच गोत्राचे.

पुढची हकिकत लवकर सांगता येते. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अतिस्राव टाळण्याच्या कामासाठी मिसोप्रोस्टॉलचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत केला. त्यामागे इतर देशांतले अभ्यासही होते. श्रेय एकट्या बेळगावचे म्हणणे ही आपली गावकी ठरेल. गोळीचा धाकही मोठा आहे. मूल बाहेर येण्याआधी ती पोटात गेली तर गर्भाशय फाटू शकते, आणि जुळ्यातले दुसरे आत असले तरी तेच. म्हणून गोळी देण्यापूर्वी पोटावर हात ठेवून दुसरे मूल नाही ना, हे पाहावेच लागते. इथे कोणतीही रेष कामाची नाही, हातच लागतो.

दरम्यान बाळंतपणे घरांतून दवाखान्यांत गेली. तेव्हा वाटले असेल, की डॉक्टरांच्या नजरेखाली आल्यावर पिशवीचे काम संपले. झाले उलटेच. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतल्या 80 रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक बाळंतपणांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे मापाची पिशवी वापरली आणि स्राव वाढताच गर्भाशय चोळणे, औषधे, शिरेतून पाणी, तपासणी हे सारे एकामागून एक न करता एकदमच सुरू केले. जिथे जुनीच पद्धत होती त्या रुग्णालयांत अतिस्राव झालेल्या बायकांपैकी जेमतेम निम्म्या वेळेवर ओळखल्या गेल्या. पिशवीच्या रुग्णालयांत शंभरात 93. जिवावर बेतणारे प्रसंग साठ टक्क्यांनी घटले. रुग्णालय होते, डॉक्टर होते, औषध होते, आणि तरीही निम्म्या बायकांचा स्राव कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

त्या अभ्यासात पिशवीवरची पहिली सावधानतेची रेष पाचशेवर नव्हती, तीनशेवर होती. तीनशेला पोचल्यावर नाडी वा रक्तदाब बिघडलेला दिसला की पाचशेची वाट न पाहता उपचार सुरू करायचा, अशी ती रीत.