‘सर, एक मिनिट’ हे ऑपरेशन थिएटरमध्ये कोण म्हणणार?

हेडफोन लावले असतील तर बरं, कारण आजची गोष्ट जरा लक्ष देऊन ऐकायची आहे.

डॉक्टर आणि पेशंट यांच्यावर आपण खूप बोलतो. डॉक्टर आपापसात कसे वागतात, यावर फारसं कोणी बोलत नाही. मी कोड लिहिणारी मुलगी. मेडिकलशी माझा संबंध आला तो पेशंट म्हणून किंवा पेशंटची नातेवाईक म्हणून. तरी हा विषय घेतला, कारण आपला जीव कधी कधी त्या दोन डॉक्टरांच्या आपसातल्या बोलण्यावर अवलंबून असतो.

मार्च २००५, इंग्लंड. एलेन ब्रोमिली, वय ३७, दोन लहान मुलांची आई. सायनसचं साधं, आधी ठरवून घेतलेलं ऑपरेशन. भूल दिली आणि तिचा श्वासमार्गच मिळेना. काही मिनिटांत रक्तातला ऑक्सिजन ४० टक्क्यांपर्यंत उतरला. खोलीत कोण होतं? अनुभवी भूलतज्ज्ञ, मदतीला धावून आलेले दुसरे भूलतज्ज्ञ आणि कान-नाक-घशाचे सर्जन. म्हणजे अशा प्रसंगाला याहून चांगली टीम मिळणं कठीण. तोंडातून नळी जात नसेल आणि ऑक्सिजनही पोचत नसेल, तर गळ्याला बाहेरून छेद देऊन श्वासाची वाट करायची, हे तिघांनाही माहीत होतं. तरी ते तोंडातून नळी घालायचा प्रयत्न करत राहिले. एकदा माणूस एका उपायावर अडकला की घड्याळ दिसत नाही. रात्री दोन वाजता एकाच बगवर डोकं आपटलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता खरी गोष्ट ऐका. त्या खोलीत नर्सही होत्या. एकीने गळ्याला छेद द्यायचा सेट आणून ठेवला आणि तसं सांगितलं. दुसरीने आयसीयूत बेडची चौकशी केली. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर ‘एवढं काय झालंय?’ असे भाव दिसले, तेव्हा तिने तो बेड रद्द केला. काय करायला हवं होतं ते त्यांना कळलं होतं. ते या डॉक्टरांना कसं सांगायचं, हे मात्र कळत नव्हतं. एलेन शुद्धीवर आलीच नाही. तेरा दिवसांनी गेली.

तिचा नवरा मार्टिन ब्रोमिली पायलट होता. अशा मृत्यूची आपोआप चौकशी होत नाही, हे ऐकून तो चक्रावला. त्याच्या क्षेत्रात विमान पडलं की चौकशी होतेच. त्याने ती मागितली, आणि कोणाला शिक्षा व्हावी म्हणून नाही. ते डॉक्टर पुन्हा कामावर गेले, आणि त्यालाही तेच हवं होतं. २००७ मध्ये त्याने डॉक्टर, नर्स आणि तज्ज्ञांना जोडून ‘क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप’ सुरू केला.

पायलट लोक हा धडा आधीच शिकले होते, तोही फार महागात. १९७७ मध्ये टेनेरिफला धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. समोरचं विमान अजून धावपट्टीवरच आहे का, अशी शंका एका विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टन अतिशय ज्येष्ठ होता, त्याने ती उडवून लावली. पुढे वैमानिकांना दोन्ही बाजूंनी शिकवायला सुरुवात झाली. ज्युनिअरने स्पष्ट बोलायचं आणि सिनिअरने ऐकायचं. दुसरा अर्धा भाग आपण नेहमी विसरतो, आणि तोच कठीण आहे.

आपल्याकडे तर भाषाच आड येते. ‘सर, एकदा बघायचं का?’ यात विनंती किती आणि इशारा किती, हे समोरच्याने ओळखायचं. निवांत वेळी ओळखतोही. ऑक्सिजन ४० वर असताना कसा ओळखणार? ‘सर, ऑक्सिजन ४० आहे, आता गळ्यातून मार्ग काढावा लागेल,’ असं म्हणण्यात उद्धटपणा काही नाही. पण पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटने हे म्हणून बघावं!

यावरचा एक उपाय इतका साधा आहे की आधी हसू येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची चेकलिस्ट आणली. त्यात पहिला छेद देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. एकदा स्वतःचं नाव मोठ्याने घेतलेला माणूस पुढे गरज पडली तर बोलायची शक्यता वाढते, असा त्यामागचा विचार. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ही यादी वापरून पाहिली, त्यात नवी दिल्लीही होती. २००९ मध्ये निकाल छापून आले. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं आणि गुंतागुंतीचं ११ वरून ७ वर. या कामाचे म्होरके सर्जन अतुल गावंडे. अमेरिकेत वाढलेले, पण वडिलांचं गाव आपल्या उमरखेडजवळचं उटी.

पण डॉक्टरांमधल्या भाऊबंदकीची दुसरी बाजूही आहे, एकमेकांना झाकण्याची. ब्रिस्टलला लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत जास्त मुलं दगावतायत, हे भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन यांच्या लक्षात आलं. त्यांनी १९९० मध्ये वरिष्ठांना लिहून कळवलं. नीट चौकशी व्हायला अनेक वर्षं गेली. २००१ च्या अहवालानुसार १९९१ ते १९९५ या काळात तिथे एक वर्षाखालची ३० ते ३५ बाळं अपेक्षेपेक्षा जास्त गेली होती. बोल्सिन तोवर ऑस्ट्रेलियाला निघून गेले होते. सहकाऱ्यांशी चांगलं वागणं म्हणजे गप्प बसणं असं जिथे ठरतं, तिथे बोलणाराच परका होतो.

भारतातल्या डॉक्टरांसाठी २००२ ची आचारसंहिता आहे, त्यात या दोन्ही बाजू आहेत. सहकारी डॉक्टर आणि त्यांच्या कुटुंबावर विनामूल्य उपचार करण्यात आनंद मानावा, असं त्यात म्हटलंय. (आम्हा इंजिनिअरांना एकमेकांचे लॅपटॉप फुकट दुरुस्त करावे लागतात, पण ते कुठे लिहून दिलेलं नाही.) आणि व्यवसायबंधूचं अकार्यक्षम किंवा अप्रामाणिक वर्तन निर्भयपणे उघड करावं, हेही त्यातच आहे. माझ्या मते हे दुसरं कलम हॉस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवं. ‘सिनिअरसमोर मान वर करायची नाही’ हे कोणी शिकवायच्या आत.

जाता जाता एक काम. तुमचं किंवा घरच्या कोणाचं ऑपरेशन असेल, तर भूल देण्याआधी तुमचं नाव आणि कोणत्या बाजूचं ऑपरेशन आहे, हे विचारतील. आधीच तीनदा सांगितलंय म्हणून वैतागू नका. ‘उजवा गुडघा’ असं मोठ्याने सांगा, म्हणजे खोलीतल्या सगळ्यात ज्युनिअर माणसालाही ऐकू जाईल.