लाल दरीतली संध्याकाळ



भूगोलाच्या बाई समोरच बसल्यात, म्हणून ही गोष्ट. मागच्या वर्षी माझी नोकरी गेली. सॉफ्टवेअरमधली वीस वर्षं; घरात सांगायलाच आठवडा लागला. तुर्कस्तानची तिकिटं मात्र आधीच काढलेली, पैसे परत मिळणार नव्हते. एकटीच गेले.

कप्पाडोकियात गोरेमे गावाजवळ लाल दरी आहे. सूर्यास्ताआधी दोनेक तास वाटाड्याबरोबर चालायला निघालो. तिथला खडक म्हणजे ज्वालामुखीची राख घट्ट होऊन बनलेला टफ. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट थिजलेल्या लाव्हाचा, टणक. हा मऊ, नखानंही ओरखडा उठला. म्हणूनच लोकांनी त्यात घरं कोरली, चर्च कोरली, कबुतरांसाठी कोनाडेसुद्धा. त्यांची विष्ठा द्राक्षमळ्यांना खत म्हणून घालत. बाई, "राखेचा खडक होतो का?" असं तुम्ही नववीत विचारलंत, तेव्हा मी नुसतीच उभी होते!

उन्हं कलली तशी दरी गुलाबी झाली, मग विटकरी. वाटाड्यानं सहज विचारलं, "काय काम करता?"

"सध्या काही नाही." परक्या माणसापुढे हे पहिल्यांदाच बोलले.

"मग घाई नाही. अंधार पडेपर्यंत बसू."

बसलो. उतरताना माझ्याच मोबाइलचा टॉर्च लागला.