ना धड दगडाचे, ना धड रसायनाचे



‘तू नेमकं करायचास तरी काय?’ हे सकाळपासून चौघांनी विचारलं. मी भूरसायनवाला. म्हणजे रसायनवाले आम्हाला दगडफोडे समजणार आणि भूगर्भवाले बाटल्या धुणारे! अशाच अधल्यामधल्यांची अमेरिकेत १९५५ साली जिओकेमिकल सोसायटी निघाली. पुढे तिच्यातही सेंद्रिय भूरसायनाचा वेगळा विभाग झाला. त्या शाखेचं मूळ म्युनिकच्या आल्फ्रेड ट्रीब्स यांच्यापाशी. १९३० नंतरच्या दशकात त्यांना खनिज तेलात पानांतल्या हरितद्रव्याचे वंशज सापडले. तेल सजीवांपासून झालं, याचा तो पुरावा. आपल्याकडे १९५८ला बंगळुरात जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया झाली. आमचं बिऱ्हाड तिच्याच ओसरीवर.

सोलापुरात माझं काम पाण्याचं. काळ्या दगडाच्या भेगांतलं पाणी गोड लागतं, पण नायट्रेटला ना वास ना चव. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की तान्ह्या बाळाला धोका, आणि उकळून ते जात नाही. गावोगावच्या विहिरी तपासल्या, घरचा आड तेवढा राहिला. तपासला तेव्हा आकडा मर्यादेच्या बराच वर. माझ्या मुलीचं बारसं होऊन आठवडाच झाला होता.

आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘ह्याच पाण्यावर तुम्ही चौघं वाढलात की!’ मी गप्प. बाळासाठी त्याच दिवसापासून नळाचं पाणी सुरू केलं. आई शेवटपर्यंत आडाचंच शेंदून प्यायली.