झडप, मोटर आणि मोजलेले आटे
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटलं की लोक मोबाइल पुढे करतात आणि "हे जरा बघ गं" म्हणतात. सकाळपासून आपल्यापैकी चौघांनी तेच केलं! संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत, तेवढ्यात मी नेमकं काय काम करते ते सांगते. तेलविहिरीत खोलवर बसवलेल्या झडपा विजेच्या मोटरीने उघड-बंद करायच्या असतात. त्या मोटरीला हुकूम देणारं सॉफ्टवेअर मी लिहिते.

तेलविहीर म्हटलं की अरबस्तान आठवतं. पण महाराष्ट्राच्या समोरच, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात, 'मुंबई हाय' आहे. १९७४ साली 'सागर सम्राट' या रिगने तिथे तेल शोधलं आणि १९७६ साली उत्पादन सुरू झालं. भूगोलाच्या पुस्तकात एका ओळीत आपण ते पाठ केलं होतं. त्या ओळीत एक गोष्ट नव्हती. तेल तिथे तळ्यासारखं साठलेलं नसतं. चुनखडीच्या थरांतल्या बारीक छिद्रांत ते मुरलेलं असतं. आपल्या खडकात विहिरीला पाणी लागतं, तसंच.

एकच विहीर असे दोन-तीन थर भेदून जाते. काही वर्षांनी एखाद्या थरातून तेलाऐवजी पाणी येऊ लागतं. पूर्ण विहीर बंद केली तर बाकीच्या थरांतलं तेल अडकतं. तशीच चालू ठेवली तर पाणीच उपसत बसावं लागतं. म्हणून प्रत्येक थरासमोर नळीवर एक वेगळी झडप बसवतात. नळीला छिद्रं असतात आणि त्यांच्यावरून एक बाही सरकते. बाही सरकवली की छिद्रं कमी-जास्त झाकली जातात आणि ज्या थरातून पाणी येतं तो थर चिमटता येतो.

१९९७ साली, म्हणजे आपण दहावीला होतो तेव्हा, नॉर्वेच्या स्नोरे तेलक्षेत्रात अशी वरून हुकूम घेणारी पहिली विहीर तयार झाली. बहुतेक ठिकाणी ही बाही तेलाच्या दाबाने, म्हणजे हायड्रॉलिक पद्धतीने ढकलतात. त्यासाठी वरपासून खालपर्यंत बारीक पोलादी नळ्या न्याव्या लागतात. साधारणपणे प्रत्येक झडपेला एक आणि बंद करण्यासाठी सगळ्यांत मिळून एक. म्हणजे तीन झडपांना चार नळ्या, आणि त्या दोन-तीन किलोमीटर लांब. नळ्या वाढल्या की गळतीच्या जागाही वाढतात. शिवाय बाही नेमकी किती सरकली, ते वरून कळायला अवघड.

मोटर असेल तर एका केबलवर भागतं. प्रत्येक झडपेला स्वतःचा क्रमांक असतो. पोस्टमन जसं घर ओळखतो, तसा हुकूम नेमक्या झडपेला पोचतो. मोटर फिरते, गिअर तिचा वेग कमी करून जोर वाढवतात, स्क्रू फिरतो आणि बाही मिलिमीटरच्या हिशेबाने सरकते. मोटरीचे फेरे मोजले की झडप किती उघडी आहे ते कळतं.

यात नवीन काही वाटतंय का? पडेगावात नळाला पाणी सोडणारे काका आठवा. लांब दांड्याची चावी खड्ड्यात घालून ते आटे मोजायचे. या गल्लीला अमुक आटे, त्या गल्लीला तमुक. खड्ड्यातली झडप त्यांना दिसत नव्हती, पण आट्यांवरून सगळं कळायचं. चावी जड लागली की ते जोर करत नसत. थोडी मागे घेत, पुन्हा पुढे नेत. माझं सॉफ्टवेअर हेच करतं. बाहीवर क्षार बसले की मोटर जास्त करंट ओढते. ठरलेल्या मर्यादेला मोटर थांबते, थोडी मागे येते आणि पुन्हा प्रयत्न करते. झडप वर्षभर एकाच जागी ठेवली तर जाम होते, म्हणून मधूनमधून ती मुद्दाम थोडी हलवायची, हीही त्याच विद्येतली गोष्ट.

फरक इतकाच, की काकांना खड्ड्यात उतरता येत होतं. इथे खाली शंभर-सव्वाशे अंश तापमान असतं. साधी इलेक्ट्रॉनिक्स तिथे फार टिकत नाही, आणि दुरुस्तीसाठी अख्खी नळी उपसून वर काढावी लागते. त्यामुळे सगळं वर्षानुवर्षं न बिघडता चालायला हवं. मध्येच वीज गेली तरी आट्यांचा हिशेब पुसला जाता कामा नये.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. वीज गेली तर झडप कुठे राहील? स्क्रूवर चालणारी झडप असेल तिथेच राहते. उघडी असेल तर उघडीच. म्हणून विहिरीत आणखी एक वेगळी सुरक्षा-झडप असते. तिला वरचा दाब उघडी धरून ठेवतो. तो दाब गेला की स्प्रिंग तिला आपोआप बंद करते. तिला कोणी हुकूम द्यावा लागत नाही.

एका बैठकीत सूचना आली होती, की मोटर आहेच, तर विहीर बंद करायचं कामही तिलाच देऊ, तेवढाच खर्च वाचेल. मी ठाम नाही म्हटलं. त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर २७ जुलै २००५ होता. मुंबईतल्या महापुराचा दुसरा दिवस. खवळलेल्या समुद्रात 'समुद्र सुरक्षा' हे जहाज मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर आदळलं. गॅस वाहणारी नळी फुटली आणि आग लागली. थोड्या तासांत प्लॅटफॉर्म नष्ट झाला. २२ माणसं गेली. जहाजावरच्या एका जखमी माणसाला उपचारासाठी पोचवायचं होतं, म्हणून ते जहाज जवळ आलं होतं. अशा क्षणी वीज आणि केबल शाबूत असतीलच असं धरून चालता येत नाही. प्रवाह कमी-जास्त करणं हे एक काम आणि संकटात बंद होणं हे दुसरं. दुसरं काम स्प्रिंगकडेच राहिलं पाहिजे. बैठकीत शेवटी तेच मान्य झालं. मी फार कोड लिहिला असेल, पण त्या दिवशीच्या 'नाही'चं मोल मला त्याहून जास्त वाटतं.

गावाविषयी एक सांगते. नाथसागर पैठणला आहे, तरी आपल्या शहरात पाणी दिवसांआड येतं. मोटरीच्या झडपा आणि दाबमापक बसवले तर पाण्याचा हिशेब चोख होईल, यात शंका नाही. पण कोणत्या वस्तीला आधी पाणी द्यायचं, हे मोटर ठरवू शकत नाही. ते माणसांनीच ठरवायचं असतं आणि त्याचा जाब माणसांनीच द्यायचा असतं, हे विसरू नये.

शेवटी एक विनंती. आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला काय द्यावं, यावर चर्चा चालू आहे. माझ्या वाट्याचे पैसे प्रयोगशाळेला द्यावेत. भंगारातली एक झडप कापून उघडी करून देऊ, तिला एक छोटी मोटर आणि एक अँमीटर लावू. बाहीत काडी अडकवली की काटा कसा वर जातो, ते मुलामुलींनी स्वतः बघावं. जोडणी करायला मी सुट्टी काढून येईन.

सर, बाई, "उत्तर आलं, पण एकक कुठे आहे?" असं तुम्ही विचारायचात. त्या सवयीवरच आजवर नोकरी चालली आहे.