बाळंतपणाआधी भरलेला फ्रिज, आणि आईंचा 'शिरं'चा प्रश्न

आवाज जरा बसलाय, सांभाळून घ्या. बाळ आत्ताच झोपलंय, त्यामुळे हा भाग मी स्वयंपाकघरात बसून रेकॉर्ड करतेय. मागे फ्रिजचा आवाज येईल. येऊ द्या, आजचा विषय तोच आहे.

गेल्या भागानंतर बऱ्याच जणींनी विचारलं, दुसऱ्या वेळी एकटीनं कसं निभावलं? तर निभावलं ते आधी करून ठेवलेल्या जेवणावर.

पहिलं बाळंतपण माहेरी झालं, उन्हाळ्यात. माय सोबत होती. या वेळची तारीख होती नोव्हेंबरच्या मध्याची. आता आपल्या गोंदियाकडच्या लोकांना सांगायला नको, नोव्हेंबर म्हणजे काय. धानाची कापणी, भारे बांधणं, पुंजणे घालणं, मग चुरणी. माझं माहेर अर्जुनी मोरगाव तालुक्यात, तीन एकर धान. मजूर मिळत नाहीत, आणि कापलेल्या धानावर पाऊस आला तर वर्ष गेलं. माय फोनवर म्हणाली, "धान घरात आला का मी येतो." रडत होती. मी म्हटलं, ये सावकाश. फोन ठेवला आणि मग मी रडले.

सासरी आई आहेत, पण गुडघ्यांमुळे त्यांना ओट्यापाशी फार वेळ उभं राहवत नाही. नवऱ्याची ड्युटी पाळीची, आठवड्यातल्या दोन-तीन रात्री तो घरी नसतोच. मोठी मुलगी चार वर्षांची. म्हणून सप्टेंबरमध्येच ठरवलं, महिनाभराचं काहीतरी करून ठेवायचं.

इंटरनेटवर पाहिलं तर परदेशातल्या बायका आख्खी जेवणं डब्यात भरून गोठवतात. त्यांच्याकडे माणूस मावेल एवढे फ्रीजर असतात. माझा एका दाराचा फ्रिज, त्यात वरचा तो बर्फाचा कप्पा. खरं गोठवण तापमान उणे १८ अंश, ते या कप्प्यात भरवशाचं नसतं. म्हणून मी तीन महिन्यांचे हिशेब केलेच नाहीत. दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच ठेवायचं.

आणि मग आईंनी पाहिलं. मी वरणाचे डबे भरत होते. म्हणाल्या, "बारंतपनात शिरं खाशील का वो?"

शिळं. झालं! [हसते] मला आधी रागच आला. पण विचार केला तर त्यांचं चुकत नव्हतं. त्यांच्या काळात फ्रिज नव्हता, उरलेलं अन्न खाऊन बाळंतीण आजारी पडली तर दवाखाना किती लांब. तो नियम उगाच आलेला नाही. आणि भाताच्या बाबतीत तर तो आजही शंभर टक्के खरा आहे. शिजलेल्या भातात एक जंतू जिवंत राहतो, भात बाहेर तसाच ठेवला की तो वाढतो आणि त्याचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. आपण भातखाऊ लोक, रात्रीचा भात सकाळपर्यंत ओट्यावर ठेवतो. बाळंतिणीसाठी हे करू नका. मी भात साठवलाच नाही. कुकरला रोज ताजा. त्याला कष्ट किती, दोन शिट्ट्या.

मग आईंशी तडजोड झाली. नियम असा ठरला, फोडणी ताजी तर जेवण ताजं. म्हणजे मी आख्खं जेवण गोठवायचं नाही, अर्धं गोठवायचं. तुरीची डाळ शिजवून, घोटून, फोडणीशिवाय. कांदा-खोबरं भाजून केलेलं वाटण, बर्फाच्या साच्यात, एक घन म्हणजे एका भाजीचं. अर्ध्या भाजलेल्या पोळ्या, दोन पोळ्यांमध्ये प्लास्टिकचा कागद. गावरान कोंबडीचा रस्सा, बटाटा न घालता. बटाटा गोठला की पिठूळ होतो. सगळं एका वेळच्या मापाचं, कारण एकदा सुटलं की पुन्हा गोठवायचं नाही. गरम अन्न पसरट ताटात पटकन थंड करून दीड-दोन तासांत आत.

हे मान्य झाल्यावर आई स्वतः कामाला लागल्या, खाली बसून. कारण त्यांचा खरा फ्रीजर म्हणजे लाडवाचा डबा! धावड्याचा डिंक त्यांनी ओळखीच्या बाईकडून मागवला. तुपात एकदम ओतायचा नाही, चिमूट-चिमूट टाकायचा, नाहीतर आत कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो. खारीक, सुकं खोबरं, सुंठ, गूळ, आणि गोडंबी. गोडंबी बिब्यातली, ती फोडायला जाणतं माणूस लागतं, बिबा उततो. शिवाय जवसाची चटणी, भाजलेल्या अळिवाची पूड.

डिंकानं दूध येतं का? मला नाही वाटत. दूध बाळ ओढेल तसं येतं. पण पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात असं आयसीएमआर सांगते. रात्री दोनला, एका हातात बाळ, दुसऱ्या हातानं काय खाणार? लाडूच. आईंना कॅलरी माहीत नाही, पण हात माहीत आहे. आणि हो, लाडू खाल्ला म्हणून लोहाच्या गोळ्या सोडू नका. त्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात.

एक फजिती सांगते. ऑक्टोबरमध्ये रात्री पाऊस झाला आणि आमची लाईट गेली. सकाळी आली, किती वाजता कोण जाणे. मी एक युक्ती करून ठेवली होती, वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं. सकाळी पाहिलं तर नाणं तळाशी, आणि वर पुन्हा बर्फ. म्हणजे मधे सगळं सुटलं होतं. नाणं नसतं तर मला कळलंच नसतं. रस्सा फेकला. चार डबे. आठवा महिना, उभं राहून केलेलं... खूप जीवावर आलं. पोळ्या आणि वाटण पुन्हा केलं, रस्सा नाही केला.

ऐकणाऱ्यांत कोणी देवरी-सालेकसाकडच्या असाल, तर आदिवासी भागातल्या अंगणवाडीत अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण मिळतं, २०१५पासून. संकोच न करता नाव नोंदवा. एक वेळ सुटली तरी केवढं होतं.

दवाखान्यातून आले त्या रात्री नवरा ड्युटीवर होता. आईंनी खुर्चीत बसून, गॅस खाली ठेवून डाळीला जिरं-लसणाची फोडणी दिली. मी जेवले, मुलगी जेवली. आई म्हणाल्या, "तातं आहे ना वो?" मी म्हटलं, ताजंच आहे.

माय डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली, नवा तांदूळ घेऊन. आल्या आल्या फ्रिज उघडला. दोन पोळ्या आणि वाटणाचा एक घन उरला होता. काही बोलली नाही, पदर खोचला आणि लाडवाचा रिकामा डबा घासायला घेतला.

उठलं वाटतं. थांबते इथेच. पुढच्या भागात भेटू.